काउंटरच्या अलीकडे

मी ज्या दुकानात औषधं देते
तिथं माझं औषध घेत नाही.
गाडी ओळखतील म्हणून बस धरते,
हॅलिफॅक्सचा चढ मागे टाकून ब्रिगहाउसला उतरते
आणि कालव्याच्या कडेने चालते, मान खाली,
जशी वाईला असताना
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं घेऊन यायचे
तशीच.
तेव्हा ती नुकती आली होती.
आता ती जायच्या बेतात आहे
आणि मी पुन्हा पुडकं लपवतेय.

आई फोनवर म्हणाली,
"जाता जाता दार आपटून जाते गं ती, जाऊ दे.
आमच्या वेळी नव्हतं असलं काही."
मग गप्प झाली. तिकडे कुकरची शिट्टी झाली,
दुसरी झाली.
"तुझी कमाआत्या मात्र
एक अख्खं वर्ष कोठीत हळकुंडं निवडत बसायची.
हळकुंडं संपली, तरी."

माझी कोठी म्हणजे सुपरमार्केटचं पार्किंग.
इंजिन बंद. चाळीस मिनिटं.
मागच्या सीटवर आइस्क्रीमचं पाणी.
रडू येत नव्हतं. रडू आलं असतं तर
निदान घरी जाता आलं असतं.
रात्री तीनला चादर ओलीचिंब,
उपेंद्र झोपेतच उशी उलटी करून द्यायचा
आणि सकाळी विचारायचा, "उतरलं का?"
तापासारखं.
तापाला आकडा तरी असतो.

आकडा डॉक्टरीणबाईंनी मागितला.
नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस.
मी प्रत्येक उत्तर एकेक घर कमी लिहिलं,
पाहुण्यांकडे पोळी नको म्हणतात तसं.
कशातच राम वाटत नाही
हे इंग्रजीत कसं सांगू या बाईला?
रामाचं काय करू?
तिने कागद बाजूला ठेवला, म्हणाली,
आता खरं सांगा.

तर पोटावर एक चिकटपट्टी, आठवड्यातून दोनदा बदलायची,
आणि रोज सकाळी एक पांढरी गोळी.

नबील नावाचा पोरगा आहे तिथं, जेमतेम सव्विशीचा.
पिशवीवरचा पत्ता माझ्याकडून म्हणवून घेतो.
पहिले पंधरा दिवस मळमळेल, म्हणतो.
फरक पडायला चार-सहा आठवडे.
जास्तच वाईट वाटायला लागलं तर वाट बघू नका, फोन करा.
बरं वाटलं तरी
आपल्या मनाने बंद करू नका.
बोलला इंग्रजीत, मला ऐकू आलं मराठीत.
आपल्या मनाने!
ते जागेवर असतं तर आले असते का इथं?

हीच वाक्यं मी एकोणीस वर्षं
दिवसातून आठदा म्हणते,
स्क्रीनकडे बघत.
"माहीत आहे मला," मी म्हटलं.
"असेल," तो म्हणाला, "पण आज तुम्हाला सांगतोय."

सहाव्या आठवड्यात आनंदबिनंद काही झाला नाही.
आमटीत हिंग जास्त पडला
आणि तो मला कळला.
चिडले. झारा आपटला.
कितीतरी महिन्यांनी हिंगाएवढ्या गोष्टीवर
हिंगाएवढीच चिडले.
ऋताच्या निकालाला मात्र डोळे कोरडे राहिले.
गोळीने नेलं ते पाणी की वयाने
कोण जाणे. पुढच्या भेटीत विचारायचं आहे.
यादीत लिहून ठेवलंय,
खाली लिहिलंय: कोथिंबीर.

परवा आमच्या काउंटरवर एक बाई आली,
राखाडी रेनकोट, कागद पालथा घालून सरकवला.
मी नाव वाचलं, गोळीचं नाव वाचलं,
आणि स्क्रीन तिरकी करून ठेवली.
"चार-सहा आठवडे लागतात," मी म्हटलं,
"पहिले पंधरा दिवस जरा..."
"मी इथली नाही," ती घाईने म्हणाली,
"टॉडमॉर्डनहून आलेय."
मी पत्ता विचारायचा होता, विचारला, हळू.

पिशवीवर दुसरी पिशवी चढवली.
मग वाटलं, कशाला. काढायला लागले.
ती म्हणाली,
"असू द्या दोन."